मंगळाचे ऋतू आणि मोजणीचा खर्च

पृथ्वीभोवती असलेल्या हवेपैकी जवळजवळ चौथा हिस्सा दर हिवाळ्यात गोठून जमिनीवर पडला आणि उन्हाळा येताच पुन्हा आकाशात मिसळला, तर येथील जीवनाचे काय होईल याची कल्पनाही करवत नाही. वेधशाळांतील वायुदाबमापकांचा पारा अशा वेळी सुमारे १९ सेंटिमीटरने खाली उतरेल. अत्यंत भीषण चक्रीवादळाच्या केंद्रातही आपल्याकडील वायुदाब सहसा एक दशांशाच्या आसपासच घटतो. येथे तर त्याच्या अडीचपट घट, आणि तीही साऱ्या ग्रहावर एकाच वेळी, वर्षानुवर्षे ठरलेल्या क्रमाने. पृथ्वीवर जे अशक्य आहे ते शेजारच्या मंगळावर नित्याचे आहे. तेथील वातावरणाचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग प्रत्येक मंगळवर्षात ध्रुवांवर बर्फ होऊन साचतो आणि परत वायुरूप होतो. मंगळाच्या साऱ्या वातावरणाचे वजन सुमारे २५ लाख कोटी टन आहे. त्यातील सहा-सात लाख कोटी टनांची ही घडामोड कोणाच्याही साक्षीविना युगानुयुगे चालत आलेली आहे.

साक्षीविना, असे म्हणण्याचे कारण आहे. माणसाने या घडामोडीची खऱ्या अर्थाने नोंद घेतली ती गेल्या ५० वर्षांत, आणि तीही सलग नव्हे. मंगळावर कोणते यान कधी उतरले याची जंत्री शाळकरी मुलालाही पाठ असते. उतरल्यानंतर तेथे राहून कोणी किती वर्षे मोजमाप केले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. वास्तविक मंगळाच्या ऋतूंविषयी जे काही निश्चित ज्ञान आज आहे, ते या दुसऱ्या प्रकारच्या, कंटाळवाण्या व चिकाटीच्या कामाचे फळ आहे. आणि अंदाजपत्रकाला कात्री लावण्याची वेळ आली की सर्वांत आधी हात पडतो तो याच कामावर.

मंगळाला ऋतू आहेत ही गोष्ट जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मराल्दीने या ग्रहाच्या ध्रुवांवरील पांढरे डाग लहानमोठे होतात असे पाहिले होते. पुढे विल्यम हर्शेल याने कित्येक वर्षे वेध घेऊन १७८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपला निष्कर्ष कळविला : मंगळाचा आस पृथ्वीच्या आसासारखाच कललेला आहे, म्हणून तेथे आपल्यासारखेच ऋतू होतात, आणि ते पांढरे डाग म्हणजे उन्हाळ्यात वितळणारे हिम होय. चक्र बरोबर ओळखले गेले, परंतु हिम कशाचे याविषयी शंका घेण्याचे कारण कोणाला वाटले नाही. बर्फ म्हणजे पाण्याचाच, ही पृथ्वीवरची सवय दूर्बिणीतून थेट मंगळावर पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्सिव्हल लॉवेल याने तर या वितळणाऱ्या पाण्यावर कालव्यांची, शेतीची आणि एका प्रगत संस्कृतीची उभारणी केली. वसंतात मंगळाचे काही पट्टे काळवंडतात, तेव्हा तेथे वनस्पती उगवत असाव्यात, असे मानणारे शास्त्रज्ञ १९६० च्या सुमारासही होते. हे सारे आज हास्यास्पद वाटते खरे; पण दुरून पाहणाऱ्याजवळ मोजमाप नसले की तो आपल्याच घरची व्यवस्था परक्याच्या अंगणात पाहू लागतो. विकसनशील देशांविषयी लिहिल्या गेलेल्या कित्येक अर्थशास्त्रीय ग्रंथांतही हेच आढळते.

कालव्यांच्या या स्वप्नाला पहिला तडा गेला १९६५ च्या जुलैत. मरिनर-४ हे यान मंगळाजवळून जाताना त्याचे रेडिओसंदेश मंगळाच्या वातावरणाच्या कडेतून आले, आणि त्यांत पडलेल्या फरकावरून तेथील वायुदाब अवघा काही मिलिबार असल्याचे उघड झाले. पृथ्वीवर तो समुद्रसपाटीला १०१३ मिलिबार असतो. इतक्या विरळ हवेत, तीही बहुतांशी कार्बन डायऑक्साइडची, ध्रुवांवर कोणती परिस्थिती असेल याचे गणित कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरे या दोघांनी मांडले व १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. ध्रुवावरील दीर्घ रात्रीत जमीन थंड होत होत उणे १२५ अंश सेल्सियसच्या आसपास येते. त्या तापमानाला तेथील हवाच गोठू लागते. गोठताना जी उष्णता बाहेर पडते ती आकाशात निसटणाऱ्या उष्णतेची भरपाई करते, म्हणून तापमान त्याखाली फारसे जात नाही. फक्त बर्फाचा थर वाढत राहतो. वसंतात सूर्य उगवला की तो बर्फ वितळत नाही, त्याचे पाणी किंवा कोणताही द्रव होत नाही. कापूर उडावा तसा तो थेट वायू होतो. हे जर खरे असेल तर मंगळाचा वायुदाब ऋतूंप्रमाणे कमीअधिक झाला पाहिजे, असे भाकीत या दोघांनी केले. त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असे नाही. उत्तर ध्रुवावर उन्हाळ्यातही टिकून राहणारा बर्फ त्यांना कार्बन डायऑक्साइडचा वाटला होता, तो पुढे पाण्याचा निघाला. म्हणजे हर्शेलचेही थोडेसे बरोबरच होते. परंतु मूळ भाकीत दहा वर्षांत प्रत्यक्ष मोजमापाने सिद्ध झाले. अर्थशास्त्रज्ञांच्या भाकितांना असे भाग्य क्वचितच लाभते.

ते मोजमाप केले व्हायकिंग यानांनी. व्हायकिंग-१ हे २० जुलै १९७६ रोजी आणि व्हायकिंग-२ हे त्याच वर्षी ३ सप्टेंबर रोजी मंगळावर उतरले. साऱ्या जगाचे लक्ष तेव्हा त्यांच्यावरील जीवशास्त्रीय प्रयोगांकडे होते. मातीत जीवजंतू सापडतात की नाही यावर पैजा लागल्या होत्या. वायुदाबमापक हे त्यांच्यावरील एक साधे, दुर्लक्षित उपकरण होते. त्याने पहिल्या काही आठवड्यांतच दाखवून दिले की वायुदाब दिवसेंदिवस थोडा थोडा घटत आहे. उपकरण बिघडलेले नव्हते. यान उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात उभे होते आणि तेथून हजारो किलोमीटर दूर, दक्षिण ध्रुवाच्या अंधारात, त्याच्या भोवतालची हवा जाऊन गोठत होती. व्हायकिंग-१ च्या जागी हा दाब घटत घटत पावणेसात मिलिबारच्या आसपास आला, नंतर चढू लागला आणि पुढे नऊ मिलिबारपर्यंत गेला. नंतर उत्तरेचा हिवाळा आला, तेव्हा तो पुन्हा उतरला, मात्र पहिल्याइतका नव्हे.

वर्षातून दोनदा येणारे हे चढउतार असमान का, याचे उत्तर मंगळाच्या कक्षेत आहे. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असल्याने आपले ऋतू केवळ आसाच्या कलामुळे होतात. मंगळाची कक्षा बरीच लांबट आहे. तो सूर्यापासून २० कोटी ६६ लाख ते २४ कोटी ९२ लाख किलोमीटर अशा अंतरात फिरतो आणि जवळ असताना त्याला दूर असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक ऊन मिळते. दक्षिण गोलार्धाचा हिवाळा नेमका तो दूर असताना येतो. दूर असताना ग्रह सावकाश चालतो, त्यामुळे तो हिवाळा रेंगाळतो. दक्षिणेकडील शरद आणि हिवाळा मिळून ३७२ मंगळदिवस होतात, उत्तरेकडील २९७ च्या आसपास. जवळजवळ ७५ दिवसांच्या या फरकामुळे दक्षिणेची हिमटोपी मोठी होते व वातावरणातून अधिक हवा ओढून घेते. उलट दक्षिणेचा उन्हाळा थोडक्यात आटोपतो, पण तो प्रखर असतो; आणि त्याच काळात धुळीची ती प्रसिद्ध वादळे उठतात, ज्यांपैकी काही सबंध ग्रह झाकून टाकतात.

येथे मोजमापाच्या कालावधीचे महत्त्व ध्यानात येते. व्हायकिंग यानांचे नियोजित काम ९० दिवसांचे होते, आणि मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे आहे. ठरलेले काम आटोपून उपकरणे बंद केली असती तर घसरणारा दाब दिसला असता, पण तो परत चढतो हे कळले नसते. पहिल्या वर्षानंतर थांबले असते तर आणखी एक चूक झाली असती. १९७७ मध्ये दोन ग्रहव्यापी धूळवादळे झाली. तेव्हा अशी वादळे मंगळावर दरवर्षी होतात असा समज सहज रूढ झाला असता. प्रत्यक्षात ती दरवर्षी होत नाहीत. २००१, २००७ आणि २०१८ ही अलीकडची वर्षे. मधली कित्येक मंगळवर्षे तुलनेने शांत गेली. एका पावसाळ्यावरून दुष्काळाचे अनुमान काढणाऱ्याला मराठवाड्यातला शेतकरी हसेल. मग दुसऱ्या ग्रहाच्या बाबतीत एका वर्षाची नोंद पुरेशी कशी मानावी?

व्हायकिंग-१ ची पुढची कथा सांगण्यासारखी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अंतराळसंशोधनाच्या खर्चाला ओहोटी लागली होती, आणि मंगळावर सुस्थितीत असलेल्या यानाकडून येणारे आकडे उतरवून घेण्यासही पैसा पुरेल की नाही अशी स्थिती आली. तेव्हा हजारो सामान्य नागरिकांनी ‘व्हायकिंग फंड’ नावाने वर्गणी जमविली आणि १९८१ च्या जानेवारीत सुमारे ६० हजार डॉलरचा धनादेश नासाच्या हवाली केला. गावच्या वाचनालयाचा दिवा विझू नये म्हणून लोकांनी पदरचे तेल घालावे, तसाच हा प्रकार. त्याच सुमारास या यानाला थॉमस मच यांचे नाव देण्यात आले. मच हे व्हायकिंगच्या छायाचित्रण गटाचे प्रमुख. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये हिमालयातील नून शिखर उतरताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे हे यान १९९४ पर्यंत आपोआप काम करीत राहावे अशी योजना आखलेली होती. परंतु १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये बॅटरीसंबंधीची एक सूचना पाठविताना चूक झाली, यानाच्या अँटेनाला पृथ्वीची दिशा सांगणारी माहिती त्या सूचनेने पुसून टाकली, आणि संपर्क तुटला तो कायमचा.

त्यानंतर काय झाले? मंगळावर सबंध वर्षभर वायुदाब मोजणारे यंत्र पुन्हा पोचण्यास ३० वर्षे लागली. १९९७ चे पाथफाइंडर ८३ मंगळदिवस चालले, २००८ चे फिनिक्स सुमारे पाच महिने. स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या दोन गाड्यांनी भूशास्त्रात मोठा पराक्रम केला. अपॉर्च्युनिटी तर ९० दिवसांसाठी गेली आणि २०१८ च्या धूळवादळापर्यंत १४ वर्षे फिरली. पण त्यांच्यावर वायुदाबमापकच नव्हता. २०१२ च्या ऑगस्टमध्ये क्युरिऑसिटी उतरली तेव्हा फिनलंडच्या हवामानसंस्थेने बनविलेल्या यंत्राने ही मोडलेली नोंद पुन्हा हाती घेतली.

या ३० वर्षांच्या खंडाची किंमत नुसती भावनिक नाही. दरम्यान मार्स ग्लोबल सर्व्हेयर या परिभ्रमण करणाऱ्या यानाने एक विलक्षण गोष्ट टिपली. दक्षिण ध्रुवावर जो थोडा कार्बन डायऑक्साइडचा बर्फ उन्हाळ्यातही शिल्लक राहतो, त्यात वाटोळे खड्डे आहेत, आणि १९९९ व २००१ या दोन वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली असता त्या खड्ड्यांच्या कडा मीटर-तीन मीटर मागे सरकलेल्या दिसल्या. म्हणजे मुदत ठेव मोडून खर्च चालू आहे असा संशय उत्पन्न झाला. हंगामी बर्फ ही चालू खात्यातील रक्कम. ती काढली तरी वर्षअखेरीस परत भरली जाते. पण कायमचा साठा जर झिजत असेल तर मंगळाचे वातावरण दशकानुदशके दाट होत जाईल, म्हणजे त्याचे हवामानच बदलत असेल. या संशयाचा निकाल लावण्यास एकच उपाय होता : १९७६ ते १९८२ चा वायुदाब आणि २०१२ नंतरचा वायुदाब यांची, दोन्ही ठिकाणांच्या उंचीचा हिशेब करून, तुलना करणे. ती केली गेली, आणि जवळजवळ १९ मंगळवर्षांच्या अंतराने मोठा फरक आढळला नाही. वर्गणीदारांनी वाचविलेले ते आकडे असे उपयोगी पडले. मधल्या काळात दाब थोडा चढून परत उतरला असेल काय, हे मात्र आता कोणीही सांगू शकणार नाही.

सलग मोजमापातून नवी कोडीही निघतात. मार्स ओडिसी यानाला असे दिसले की दक्षिणेच्या हिवाळ्यात ध्रुवावरील हवेत अरगॉन वायूचे प्रमाण सुमारे सहापट होते. उलगडा सोपा आहे : कार्बन डायऑक्साइड गोठून खाली पडतो, अरगॉन त्या थंडीत गोठत नाही, तो मागे उरतो. परंतु क्युरिऑसिटीला वसंत-उन्हाळ्यात प्राणवायूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले, त्याचा समाधानकारक उलगडा अद्याप झालेला नाही. २०११ मध्ये रडारच्या साह्याने दक्षिण ध्रुवाखाली पुरलेला कार्बन डायऑक्साइडचा एक मोठा साठा सापडला. तो सारा मुक्त झाला तर मंगळाचे वातावरण जवळजवळ दुप्पट होईल.

असे असूनही २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने पुढील वर्षासाठी मांडलेल्या अंदाजपत्रकात नासाच्या विज्ञानविभागाची रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव होता, आणि बंद करावयाच्या मोहिमांत २००१ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ओडिसीचा आणि मंगळाच्या वरच्या वातावरणाचा अभ्यास करणाऱ्या मावेनचा समावेश होता. दोन्ही याने त्या वेळी काम करीत होती. ज्या यंत्रावरील भांडवली खर्च केव्हाच होऊन गेला आहे, ज्याला चालविण्यास त्या खर्चाच्या मानाने अल्प रक्कम लागते, आणि ज्याचे उत्पादन जितके जुने तितके मोलाचे होत जाते, ते यंत्र बंद करणे याला काटकसर म्हणता येत नाही. हा दोष एकट्या अमेरिकेचा नव्हे. आपल्याकडे दीर्घकाळ योजनांतर्गत आणि योजनेतर असा खर्चाचा भेद होता. धरण बांधणे योजनांतर्गत, कालव्यांची डागडुजी योजनेतर. म्हणून धरणे बांधली गेली आणि कालवे गाळाने भरले. २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून तो भेद कागदावरून गेला, पण वृत्ती तेवढ्याने जात नाही. कोनशिला बसविण्यास मंत्री येतात. तापमापक वाचण्यास कोणी येत नाही.

आणि तरीही याच भूमीवर एक वेगळे उदाहरण आहे. मुंबईत कुलाबा येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १८४० च्या दशकापासून ठेवली जात होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने ही मोजमापे बिघडणार असे दिसताच तेथील संचालक नानाभाई मूस यांनी वेधशाळा अलिबागला नेण्याची व्यवस्था केली. विशेष असे की १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, हेतू हा की जुन्या मालिकेला नवी मालिका अचूक जोडता यावी. १८५९ च्या सप्टेंबरमधील महाभयंकर सौरवादळाची तीव्रता किती होती हे ठरविण्यासाठी २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी ज्या नोंदींचा आधार घेतला, त्या कुलाब्याच्याच होत्या. ज्या लेखनिकाने ते आकडे लिहिले त्याला या उपयोगाची कल्पना असणे शक्य नव्हते.

भारतासारख्या देशाने दुसऱ्या ग्रहाचे ऋतू मोजण्यावर पैसा का घालवावा, हा आक्षेप टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर अभिमानाच्या भाषेत दिले जाते, ते पटण्यासारखे नसते. खरे उत्तर असे की पृथ्वीच्या हवामानाची जी गणिते मांडली जातात, ती दुसरीकडे लावून पाहण्याची सोय जवळपास फक्त मंगळावर आहे. तेथे समुद्र नाहीत, जंगले नाहीत, कारखाने नाहीत, केवळ ऊन, धूळ, बर्फ आणि विरळ हवा. प्रश्न मोहीम काढावी की नाही एवढाच नाही; काढलीच तर तिचे उत्पन्न पुरतेपणी वसूल करावे की नाही, हाही आहे. मंगळयान ४५० कोटी रुपयांत झाले याचे कौतुक सर्वत्र झाले. सहा महिन्यांसाठी पाठविलेले ते यान २०१४ च्या सप्टेंबरपासून २०२२ पर्यंत, म्हणजे मंगळाची जवळजवळ चार वर्षे, संपर्कात राहिले, या गोष्टीची चर्चा त्या मानाने कमी झाली. वस्तुतः स्वस्ताईपेक्षा हे टिकणे अधिक महत्त्वाचे होते.

मंगळाकडे पुन्हा जाण्याचा विचार इस्रोने वेळोवेळी बोलून दाखविला आहे. तो प्रस्ताव मंजुरीसाठी येईल तेव्हा त्यात उड्डाणाच्या खर्चाबरोबर निदान दहा वर्षांच्या संपर्काचा, नोंदी जतन करण्याचा आणि त्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना विनासायास उपलब्ध करून देण्याचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली आरंभीच मंजूर व्हावा, आणि यान उतरणारे असेल तर त्यावर वायुदाबमापक अवश्य असावा. यानातील उपकरणांत ते सर्वांत स्वस्त असेल. दहा पार्थिव वर्षे म्हणजे मंगळाची सव्वापाच वर्षे होतात. धुळीचे एखादे ग्रहव्यापी वादळ तेवढ्या अवधीत सापडण्याचा संभव बराच आहे.